रूपाचे माप

दक्षिण प्रशांत महासागरात फिजी नावाचा द्वीपसमूह आहे. लहानमोठी मिळून तीनशेहून अधिक बेटे या समूहात मोडतात. त्यांतील सर्वांत मोठ्या बेटाचे नाव व्हिती लेवू. या बेटाच्या नैर्ऋत्येस नांद्रोंगा नावाचा प्रांत आहे. समुद्रकाठी नारळीची बने, आत उसाचे मळे आणि मधूनमधून वसलेली लहान लहान खेडी, असे या प्रांताचे स्वरूप कोकणातील माणसाला फारसे परके वाटणार नाही.

येथील मूळ फिजी लोकांच्या घरी जेवण वाढले गेले, की दार लावून घेण्याची रीत नाही. वाटेने कोणी जाताना दिसला, की आतून हाक येते, “माई काना!” ‘या, जेवायला या,’ असा या शब्दांचा अर्थ. जाणारा घाईत असला तर हसून पुढे जातो. परंतु हाक घालावयाची ती घातलीच जाते. जेवणात दालो नावाचा अळूच्या जातीचा मोठा कंद असतो, कसावाचा कंद असतो, मासे आणि नारळाचे दूध असते. कसावा हे नाव महाराष्ट्रात अनोळखी वाटले, तरी वस्तू ओळखीची आहे; उपासाचा साबुदाणा याच कंदाच्या सत्त्वापासून तयार करतात. सणासमारंभाच्या दिवशी जमिनीत खड्डा खणतात, त्यात तापलेले दगड रचतात आणि पानांत गुंडाळलेले अन्न त्यांवर ठेवून वरून झाकून भाजतात. या भट्टीला ‘लोव्हो’ म्हणतात.

अशा या समाजात शरीराकडे पाहण्याची दृष्टीही त्याला साजेशीच होती. भरदार अंगाचा, धष्टपुष्ट मनुष्य तेथे देखणा गणला जाई. एवढेच नव्हे, तर त्याच्या शरीरावरून त्याच्या घरच्या माणसांची पारख होई. मूल अंगाने भरले, तर घरच्यांनी त्याची नीट निगा राखली असे लोक म्हणत. आणि एखादी मुलगी वाळू लागली, तर तिच्याकडे कोणाचे लक्ष नाही काय, अशी कुजबूज सुरू होई. भूक मंदावण्याच्या दुखण्याला तेथे ‘माथाके’ असे स्वतंत्र नाव आहे. ते झाल्याची शंका आली, की घरातील मोठी माणसे झाडपाल्याचा काढा करून पाजीत. शरीर हे ज्याचे त्याचे एकट्याचे नसून कुटुंबाच्या मायेचे फळ आहे, अशी ही समजूत होती. मुद्दाम उपाशी राहून ते घटवावे, हा विचार तेथील मुलींच्या मनात क्वचितच येत असे.

अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या ॲन बेकर या विदुषींनी नांद्रोंगातील खेड्यांत राहून या चालीरीतींचा अभ्यास केला होता. मानववंशशास्त्र आणि मनोविकारशास्त्र या दोन्ही शास्त्रांत त्यांची गती होती. १९९५ साली एक नवी वस्तू या प्रांतात येऊन पोहोचली. ती म्हणजे दूरचित्रवाणी. तिच्यावर दिसणारे पुष्कळसे कार्यक्रम अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड अशा दूरच्या देशांत तयार झालेले होते. त्यांतील नायिका उंच, सडपातळ आणि नेहमी नीटनेटक्या असत. त्या मोठ्या शहरात राहत, नोकऱ्या करत आणि मनास येईल तेथे जात. खेड्यातील शाळकरी मुलीला हे जीवन किती मोहक वाटले असेल, याची कल्पना करणे अवघड नाही.

अभ्यासकाच्या दृष्टीने ही एक दुर्मिळ संधी होती. जगाच्या बहुतेक भागांत चित्रपट, मासिके, जाहिराती इतक्या पूर्वीपासून आहेत, की त्या येण्याआधी मुलामुलींची मने कशी होती हे आता सांगता येत नाही. नांद्रोंगात मात्र ‘आधी’ आणि ‘नंतर’ या दोन्ही वेळा पाहता येणे शक्य होते. बेकर आणि त्यांचे सहकारी यांनी १९९५ साली, दूरचित्रवाणी नुकतीच आलेली असताना, ६३ मुलींना २६ प्रश्नांची एक प्रश्नावली दिली. अन्नाची भीती वाटते का, बारीक होण्याचा ध्यास मनात सारखा असतो का, अशा स्वरूपाचे ते प्रश्न होते. तीन वर्षांनी, १९९८ साली, तीच प्रश्नावली दुसऱ्या ६५ मुलींना देण्यात आली. दोन्ही वेळच्या मुली साधारणपणे सतरा वर्षांच्या होत्या आणि त्यांच्या बांध्यातही म्हणण्यासारखा फरक नव्हता.

उत्तरांत मात्र फरक होता. १९९५ साली शंभरांतील सुमारे १३ मुलींची उत्तरे काळजी वाटावी अशी होती. १९९८ साली हे प्रमाण शंभरांत २९ झाले. दुसऱ्या खेपेला शंभरांतील ७४ मुलींनी सांगितले, की निदान अधूनमधून तरी आपण फार जाड आहोत असे त्यांना वाटते. वजन घटविण्यासाठी कधी ना कधी खाणे कमी केले होते, अशा मुली शंभरांत ६९ निघाल्या. काही मुलींशी सविस्तर बोलणे झाले, तेव्हा त्यांनी दूरचित्रवाणीवरील नायिकांची नावे घेतली. आपणही तशाच दिसलो, तर आपल्यालाही तसे काम मिळेल आणि तसे जगता येईल, अशी त्यांची आशा होती. ज्या मुलींच्या आया-आज्यांना सडपातळपणा हे दुर्लक्षाचे लक्षण वाटत होते, त्या मुलींना आता तोच यशाचा मार्ग वाटू लागला होता.

या अभ्यासाची मर्यादाही लक्षात घेतली पाहिजे. सव्वाशे मुलींच्या उत्तरांवरून साऱ्या जगाविषयी निवाडा करणे धाडसाचे होईल. शिवाय त्या तीन वर्षांत फिजीत दूरचित्रवाणीखेरीज दुसरे काहीच बदलले नाही, असेही नव्हे. तथापि बेकर यांनी पुढे आणखी पुष्कळ मुलींचा अभ्यास केला आणि २०११ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यांतून एक चमत्कारिक गोष्ट दिसून आली. ज्या मुलींच्या मैत्रिणी अशी चित्रे पुष्कळ पाहत, त्या मुलींवरही परिणाम झालेला दिसला. म्हणजे चित्र एकीने पाहावे आणि त्याचे माप दुसरीला लागावे, असे घडत होते. शाळेच्या मधल्या सुट्टीत चाललेली बोलणी ज्यांनी ऐकली आहेत, त्यांना यात नवल वाटणार नाही.

सुंदर शरीर कोणते, याचे उत्तर मनुष्य जन्माला येताना बरोबर घेऊन येत नाही. ते तो भोवताली पाहून शिकतो. आणि भोवतालचे चित्र पालटले, की उत्तरही पालटते. १९०८ साली ऑस्ट्रियातील व्हिलेनडॉर्फ या खेड्याजवळ चुनखडीच्या दगडाची, केवळ ११ सेंटिमीटर उंचीची एक स्त्रीमूर्ती सापडली. ती सुमारे तीस हजार वर्षांपूर्वीची आहे आणि अतिशय स्थूल आहे. हिमयुगात अन्नासाठी वणवण करणाऱ्या त्या लोकांनी ही मूर्ती कशासाठी घडविली, यावर पंडितांचे एकमत नाही. परंतु तसल्या शरीराचा त्यांना तिरस्कार असता, तर कोणी इतक्या निगुतीने ती कोरली नसती. अजिंठ्याच्या भिंतींवर पाचव्या शतकाच्या सुमारास रंगविलेल्या राण्या व दासी अंगाने भरलेल्या आहेत. सतराव्या शतकातील रूबेन्स या प्रसिद्ध चित्रकाराच्या स्त्रिया तर आजच्या जाहिरातीत उभ्याही राहू शकणार नाहीत. त्याच युरोपात पुढे एका काळी कमर आवळून बांधण्याची चाल पडली आणि विसाव्या शतकात काटकुळेपणाची. मनुष्याचे शरीर या सर्व काळांत जसे होते तसेच राहिले.

हे माप केवळ मुलींनाच लावले जाते, असे समजणे चुकीचे आहे. अमेरिकेत १९६४ साली मुलांसाठी एक खेळण्यातला सैनिक बाजारात आला. त्याचे नाव जी. आय. जो. हॅरिसन पोप या मनोविकारतज्ज्ञांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी निरनिराळ्या वर्षांचे असे सैनिक गोळा केले आणि पट्टीने मोजले. हा सैनिक खऱ्या पुरुषाएवढा उंच असता, तर त्याचा दंड किती जाड भरला असता, याचा हिशेब त्यांनी केला. १९६४ सालच्या सैनिकाचा दंड सुमारे १२ इंच भरला. तीसएक वर्षांनी निघालेल्या त्याच्या एका अवताराचा दंड जवळजवळ २७ इंच भरला! एवढा दंड व्यायामाने कमावणे कोणाही पहिलवानाला साधणारे नाही. ज्या मुलाच्या हाती असे खेळणे पडते आणि ज्याच्या खोलीत फुगलेल्या छातीच्या नटाचे चित्र लावलेले असते, त्याला आपले सडसडीत हात लाजिरवाणे वाटू लागले, तर दोष हातांचा नव्हे.

आता तर चित्रे खेळण्यातल्या सैनिकाइतकीही खरी राहिलेली नाहीत. छायाचित्र काढल्यावर त्यातील कमर बारीक करणे, गाल आत ओढणे, त्वचेवरील डाग पुसणे, हे काम पूर्वी कुशल कारागिरालाच येत असे. आज ते हातातील भ्रमणध्वनीवर कोणालाही चुटकीसरशी करता येते. ज्या चेहऱ्याशी मुले आपला चेहरा ताडून पाहतात, तो चेहरा पुष्कळदा जगात कोणाचाच नसतो. या फसवणुकीला आळा घालण्यासाठी काही देशांनी कायदे केले. इस्राएलने २०१२ साली असा कायदा केला. फ्रान्समध्ये ऑक्टोबर २०१७ पासून, जाहिरातीतील व्यक्तीचे शरीर बारीक वा जाड दिसेल असा फेरफार चित्रात केला असल्यास तसे छापणे बंधनकारक झाले. नॉर्वेनेही २०२१ साली तसाच कायदा संमत केला. कायद्याची ही चिठ्ठी डोळ्यांवर किती परिणाम करते, याबद्दल मात्र शंका घेण्यास जागा आहे. चित्र खोटे आहे हे बुद्धीला समजले, तरी डोळे ते पाहावयाचे थांबत नाहीत.

महाराष्ट्रातील घरांत शरीराविषयी बोलण्याची रीत फिजीहून फार निराळी नाही. सुट्टीत गावी गेलेल्या नातवाला पाहताच आजी म्हणते, “किती वाळलास रे!” आणि त्याच्या ताटात आणखी एक भाकरी पडते. या बोलण्यात माया असते व ती नातवालाही कळते. परंतु तीच माणसे लग्नकार्यात जमली, की एखाद्या मुलीला “बरीच सुटलीस की ग!” असेही सहज बोलून जातात. बोलणारा दुसऱ्या क्षणी विसरतो. मुलगी ते वाक्य घरी घेऊन जाते. शाळेत जाड्या, हत्ती, काडी पैलवान, अशी नावे पडतात आणि ती वर्षानुवर्षे चिकटून राहतात. ज्याला नाव पडलेले असते तो वरवर सर्वांबरोबर हसतो, यावरून त्याला ते लागत नाही असा तर्क करणे बरोबर नाही.

हे सारे ज्या वयात घडते, तेच वय शरीराच्या मोठ्या उलाढालीचे असते. मुलींच्या बाबतीत ही उलाढाल साधारणपणे दहाव्या-अकराव्या वर्षी सुरू होते, मुलांच्या बाबतीत तीनंतर एकदोन वर्षांनी. म्हणूनच सातवीच्या वर्गात पुष्कळ मुली मुलांहून उंच दिसतात. दोनतीन वर्षांत चित्र उलटते. प्रौढपणी मनुष्याचे जे वजन असते, त्यातील जवळजवळ अर्धे तो या काही वर्षांत मिळवितो. हाडेही याच काळात झपाट्याने भरतात. या वाढीला ठरावीक क्रम नाही. कोणाचे पाय आधी लांबतात आणि धड मागून येते. कोणी आधी अंगाने भरतो आणि मग उंच होतो. मुलींच्या शरीरात या वयात चरबीचे प्रमाण वाढते, कंबरेखालचा भाग रुंदावतो. ते निसर्गाच्या योजनेप्रमाणेच चाललेले असते. घर बांधताना विटा, वाळू, चुना आधी आवारात येऊन पडतात आणि काही दिवस ते आवार ओबडधोबड दिसते. त्या वेळी सामान फार झाले म्हणून कोणी परत पाठवीत नाही.

या बांधकामास सामान लागते ते अन्नातूनच. हाडांना दूध, नाचणी, तीळ यांतील कॅल्शियम हवे. स्नायूंना डाळी, उसळी, अंडी, मासे यांतील प्रथिने हवीत. रक्ताला लोह हवे. मुलींना मासिक पाळी सुरू झाल्यावर लोहाची गरज आणखी वाढते. भारतात २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते १९ वर्षे वयाच्या मुलींपैकी शंभरांत ५९ आणि मुलांपैकी शंभरांत ३१ रक्तक्षयाने पीडित आढळले. जेथे अन्नच पुरेसे नाही तेथे हे घडते, ही गोष्ट दुःखाची. परंतु भरल्या घरात एखादी मुलगी पुढ्यातील ताट सारून उठते, तेव्हा तिचे रक्त तरी त्या दोन कारणांत काय फरक करणार?

याचा अर्थ वाटेल तेव्हा वाटेल ते खात सुटावे, असा नव्हे. तळलेली पाकिटे आणि गोड पेये यांवर वाढलेल्या मुलांना अतिस्थूलता येते आणि तिच्या पाठोपाठ मधुमेहासारखे रोग येतात; फिजीतही आज मधुमेहाचा प्रादुर्भाव मोठा आहे. परंतु स्थूलता ओळखण्याचे काम वैद्याचे आहे, आरशाचे नव्हे. वैद्याजवळ वाढीचा तक्ता असतो. पाच ते एकोणीस वर्षांच्या मुलामुलींसाठी असा तक्ता जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली प्रसिद्ध केला. मुलाची उंची व वजन यांचे ठिपके वर्षानुवर्षे त्यावर मांडीत गेले, की एक रेषा तयार होते. ती शेजाऱ्याच्या रेषेहून वर आहे की खाली, यापेक्षा ती आपल्या मार्गाने जात आहे की एकाएकी वळली आहे, याकडे वैद्याचे लक्ष अधिक असते. एकाएकी खाली वळलेली रेषा पाहून जाणता वैद्य वजनाचे अभिनंदन करीत नाही. तो घरी काय चालले आहे याची चौकशी करतो.

पोटाला चिमटा घेतला, की शरीर घटते, एवढेच पुष्कळांना ठाऊक असते. मनाचे काय होते, याची साक्ष अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात झालेल्या एका प्रयोगाने दिली. दुसरे महायुद्ध संपत आले होते आणि युरोपात लक्षावधी लोक अन्नावाचून कष्टी होते. त्यांना पुन्हा धडधाकट कसे करावे हे शोधण्यासाठी अँसेल कीज या शास्त्रज्ञाने १९४४ साली हा प्रयोग आरंभिला. युद्धात शस्त्र धरणे ज्यांच्या सदसद्विवेकबुद्धीला पटत नव्हते, अशा तरुणांतून ३६ जण त्यासाठी आपण होऊन पुढे आले. सर्वजण शरीराने निरोगी आणि मनाने खंबीर म्हणून निवडलेले होते. प्रथम तीन महिने त्यांना पोटभर अन्न देण्यात आले. नंतर २४ आठवडे बटाटे, सलगम, पाव असे दुष्काळी प्रदेशातील अन्न अपुऱ्या प्रमाणात देण्यात आले.

ते तरुण कृश झाले, त्यांच्या हृदयाचे ठोके मंदावले, भर उन्हाळ्यातही त्यांना थंडी वाजू लागली. हे अपेक्षितच होते. परंतु त्याहून विलक्षण गोष्टी पुढे घडल्या. पूर्वी जे राजकारण, धर्म, तत्त्वज्ञान यांवर तासन्‌तास बोलत, ते आता अन्नाखेरीज कशावरही बोलेनात. ज्यांनी कधी चूल पेटविली नव्हती, ते पाककृतींची पुस्तके गोळा करून वाचू लागले. एकेक घास ते फार वेळ चघळत आणि ताटल्या चाटून पुसून ठेवत. ते चिडखोर झाले, एकलकोंडे झाले. विनोद करणाऱ्यांचा विनोद आटला. पुन्हा अन्न मिळू लागल्यावरही मन ताबडतोब जागेवर आले नाही. पोट फुटेपर्यंत जेवले तरी भूक शमत नाही, अशी तक्रार कित्येकांनी पुढे कितीतरी दिवस केली. या प्रयोगाचा वृत्तान्त १९५० साली दोन मोठ्या खंडांत प्रसिद्ध झाला.

या तरुणांना बारीक होण्याची हौस नव्हती, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. उपासमारीने त्यांच्या मनाचा ताबा घेतला, तो मनाच्या दुबळेपणामुळे नव्हे. बारीक होण्यासाठी खाणे सोडणाऱ्या मुलाला काही दिवसांनी अभ्यास सुचेनासा होतो, मित्र नकोसे होतात, आणि मग एखाद्या संध्याकाळी तो डब्यातील सारे संपवून टाकतो. त्यानंतर त्याला स्वतःची लाज वाटते आणि दुसऱ्या दिवसापासून तो अधिकच कडक नियम करतो. हा त्याच्या निश्चयाचा पराभव आहे असे त्याला वाटते. वास्तविक शरीराने आपला जीव वाचविण्यासाठी केलेली ती धडपड असते.

क्वचित काही मुलामुलींच्या बाबतीत हा ध्यास पुढे आजाराचे रूप घेतो. हा आजार दूरचित्रवाणीने निर्माण केलेला नाही. विल्यम गल या इंग्रज वैद्याने लंडनमध्ये १८७३ साली त्याचे वर्णन केले आणि त्याला ‘ॲनोरेक्सिया नर्व्होझा’ हे नाव दिले. या नावाचा अर्थ मज्जाविकारामुळे झालेला क्षुधानाश असा होतो. नाव काहीसे फसवे आहे. कारण पुष्कळ रुग्णांची भूक नाहीशी झालेली नसते, ती दडपलेली असते. या आजारात मन शरीराचे माप चुकीचे घेऊ लागते. हाडे दिसू लागली तरी रुग्णाला आपण जाडच वाटतो, आणि कोणी समजावू गेल्यास तो समजावणाराच शत्रू वाटतो. कॅरन कार्पेंटर या लोकप्रिय अमेरिकन गायिकेचे याच आजाराने हृदय दुबळे होऊन १९८३ साली वयाच्या ३२ व्या वर्षी निधन झाले, तेव्हा सामान्य लोकांना त्याचे गांभीर्य प्रथम कळले. आनुवंशिकता, स्वभाव, भोवतालचे बोलणे व चित्रे अशी अनेक कारणे त्यात मिसळलेली असतात. तो मुलींना अधिक होत असला, तरी मुलांनाही होतो.

असा आजार जडू लागला, की मूल सर्वांबरोबर जेवणे टाळू लागते. ‘मी बाहेर खाऊन आलो’ असे वरचेवर सांगते. वारंवार वजन करते. अंगावर ढगळ कपडे घालते. मित्राच्या वा मैत्रिणीच्या हे सर्वांआधी लक्षात येते, कारण डबा त्यांच्या शेजारीच उघडला जातो. अशा वेळी ती गोष्ट आपल्या पोटात ठेवण्याचे वचन कोणी मागितले, तरी ती आईवडिलांच्या किंवा शिक्षकांच्या कानावर घालणे यात विश्वासघात नाही. आजार जितका लवकर उघड होईल, तितका तो लवकर बरा होतो.

त्यावरील उपचारांचा इतिहासही बोधप्रद आहे. पूर्वी अशा मुलांना घरापासून दूर ठेवण्याकडे वैद्यांचा कल असे. आईवडिलांमुळेच रोग झाला, असाही ठपका कित्येकदा ठेवण्यात येई. लंडनच्या मॉडस्ली रुग्णालयातील वैद्यांनी याच्या उलट मार्ग धरला. त्यांनी आईवडिलांवर दोष ठेवला नाही. उलट त्यांनाच उपचारात प्रमुख स्थान दिले. १९८७ साली त्यांनी आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. किशोरवयात आजार जडून फार काळ लोटलेला नसेल, तर ही कुटुंबाच्या मदतीची पद्धत विशेष गुणकारी ठरते, असे त्यांत दिसून आले. पुढे ती अनेक देशांत स्वीकारली गेली.

या पद्धतीत आरंभी मुलाच्या ताटात काय व किती वाढावयाचे, हे आईवडील ठरवितात आणि जेवण संपेपर्यंत त्याच्याजवळ बसतात. मूल रडते, रागावते, ताट लोटून देते. तरी ते उठत नाहीत, ओरडत नाहीत आणि वजनाची गोष्ट काढीत नाहीत. भावंडांना खाण्याचा आग्रह करण्याचे काम दिलेले नसते. त्यांनी शेजारी बसावे, इकडच्या तिकडच्या गोष्टी सांगाव्यात आणि जेवण झाल्यावर पत्ते किंवा कॅरम काढावा, एवढेच त्यांच्याकडे असते. प्रकृती सुधारू लागली, की ताटावरील अधिकार थोडाथोडा मुलाकडे परत दिला जातो. आधी मधल्या वेळच्या खाण्याचा, मग शाळेच्या डब्याचा, आणि कित्येक महिन्यांनी सगळ्याच जेवणांचा.